रात्री दहानंतरचं गाणं

ती. आई आणि ती. बाबा यांना म्युनिकहून सर्वांचा साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आईंनी विचारलं, टेबलावर ते तारांचं जंजाळ कसलं? चिरंजीवांनी ताबडतोब पुण्यातल्या पावसाची चौकशी सुरू केली. तेव्हा खुलासा करण्याचं काम सूनबाईंकडे आलं आहे. त्या तारा म्हणजे चिरंजीवांचं गाणं.

मूळ कारण इथली शांतता. इमारतीच्या नियमावलीत लिहिलंय की रात्री दहा ते सकाळी सहा आवाज आपल्या खोलीबाहेर जाता कामा नये. रविवारी तर दिवसभर हीच कथा. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही. सूनबाई शेंगदाण्याची चटणी शनिवारीच वाटून ठेवतात. ऑफिस, जेवण, नातीचा अभ्यास उरकून चिरंजीव गाणं ऐकायला बसतात तेव्हा घड्याळात दहा वाजून गेलेले असतात. राहता राहिला हेडफोन.

हेडफोनच्या बाबतीत जर्मनी म्हणजे माहेरच. हाइलब्रॉनच्या बायरडायनॅमिकचा डीटी ८८० तीन प्रकारांत निघाला: ३२, २५० आणि ६०० ओहमचा. हॅनोव्हरजवळच्या वेडेमार्कच्या सेनहायझरने एचडी ६०० हा १९९७ साली आणला आणि तो अजून विकला जातो. चिरंजीवांनी हाच घेतला. तो ३०० ओहमचा. ओहम जास्त म्हणजे त्याला जोर लावायला व्होल्टही जास्त हवेत. चिरंजीवांनी तो लावला फोनच्या चिमुकल्या अडॅप्टरला, आणि तोही युरोपात विकला जाणारा, अमेरिकेतल्या जुळ्या भावाच्या निम्म्या ताकदीचा, जेमतेम अर्धा व्होल्ट देणारा. युरोपला नागरिकांच्या कानांची फार काळजी. भीमसेनजी शेजारच्या इमारतीत गात असावेत असं ऐकू येई.

मग पहिली पेटी आली, डॅक. संगणकातलं गाणं म्हणजे नुसते आकडे; सीडीच्या प्रतीचं असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, तेही डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळे. या आकड्यांपासून विजेची लहर बनवणं एवढंच डॅकचं काम. मागच्या बाजूने निघणारी ती लहर साधारण २ व्होल्टची असते, पण तिच्यात हेडफोन हलवायचा दम नसतो. तो दम देणारी दुसरी पेटी म्हणजे हेडफोन ॲम्प. संगणकातून यूएसबीची वायर डॅकला, डॅकच्या मागून दोन वायरी ॲम्पला (पांढरी डावी, लाल उजवी) आणि ॲम्पच्या पुढच्या भोकात हेडफोन. आईंना दिसलेलं जंजाळ ते एवढंच. दोन्ही कामं एकाच डबीत करणारी यंत्रंही मिळतात आणि चांगली असतात. पण एकच डबी घेतली तर पुढच्या वर्षी बदलायला काय उरणार, असा चिरंजीवांचा दूरदर्शी विचार.

आवाजाची बटणं मात्र तीन झाली: संगणकावर, डॅकवर, ॲम्पवर. एकाच आमटीत तिघींनी मीठ घालावं तसा प्रकार. उपाय सोपा. संगणक आणि डॅक पूर्ण १०० वर ठेवायचे, कमी-जास्त फक्त ॲम्पवर करायचं, आणि हेडफोन कानांवर चढवण्याआधी ॲम्प शून्यावर आणायचा.

चिरंजीवांनी हे तंतोतंत पाळलं. फक्त आवाज कुठल्या वाटेने बाहेर पडणार ते संगणकाला सांगायचं राहिलं. रात्री अकराला ते डोळे मिटून, हेडफोन चढवून, ॲम्पचं बटण हळूहळू फिरवत, काहीच का ऐकू येत नाही याचा विचार करत होते. तेवढ्यात दिवाणखान्यातला टीव्हीचा स्पीकर पूर्ण १०० वर तान घेऊ लागला. हेडफोन उघड्या पाठीचा, त्यातून बाहेरचं सगळं ऐकू येतं. त्यामुळे आपला हेडफोन अखेर लागला, असं वाटून चिरंजीवांनी मान डोलावली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी सकाळी टपालपेटीत चिठ्ठी टाकली. चिठ्ठी अतिशय सभ्य होती, आणि तिच्यात नियमाचं कलमही दिलेलं होतं.

त्यानंतर घुमणं सुरू झालं. तानपुऱ्यामागे सतत एक खालचा सूर, तानपुऱ्याशी अजिबात न जुळणारा. चिरंजीवांनी फ्रिजवर संशय घेतला, मग लिफ्टवर. नातीने लॅपटॉपचा चार्जर उपसला आणि घुमणं थांबलं. चार्जरलाही अर्थिंग, ॲम्पलाही अर्थिंग, दोघांच्या मधून यूएसबीची तांब्याची वायर: असं वर्तुळ पूर्ण झालं की घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ गाण्यात शिरतात. ऑप्टिकल वायरीतून वीज जातच नाही, लाल उजेड जातो, त्यामुळे ते वर्तुळ तुटतं. तोशिबाने ही जोडणी १९८३ साली काढली. चिरंजीवांनी ती टीव्हीकडून आणली आणि टोकावरचं प्लास्टिकचं टोपण न काढता जोर लावून पाहिली. टोपण काढल्यावरही आवाज नाही! टीव्ही सिनेमासाठीचा डॉल्बी आवाज पाठवत होता आणि साध्या डॅकला तो उलगडत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम निवडलं तेव्हा कुठे गाणं लागलं.

एवढं झाल्यावर चिरंजीवांना महागड्या यूएसबी वायरीने सूर ‘मोकळा’ होतो असं जाणवू लागलं. सूनबाईंनी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि प्रिंटरची वायर व महाग वायर न सांगता आलटून पालटून लावल्या. उत्तरं निम्मी बरोबर आली. छापा-काटा केला असता तरी तेवढीच आली असती. महाग वायर परत गेली. खरा फरक पडतो तो हेडफोनने आणि मूळ ध्वनिमुद्रणाने. केसरबाईंच्या जुन्या तबकड्यांची खरखर चांगल्या डॅकमधून अधिक स्पष्ट ऐकू येते, नाहीशी होत नाही. चिरंजीवांना हे मान्य आहे. तरी परवा ते कुठल्याशा नव्या ॲम्पची माहिती वाचताना सापडले.

आता बाबांच्या टीव्हीविषयी. बातम्यांचा आवाज जिन्यापर्यंत जातो अशी आईंची तक्रार ऐकून चिरंजीव दिवाळीला हीच जोडणी पुण्यात करणार आहेत. दोन्हीकडे २३० व्होल्टच असल्याने अडचण फक्त पिनांची. टीव्हीच्या मागे चौकोनी ऑप्टिकल भोक आहे का, हे बाबांनी बॅटरी मारून पाहावं. हेडफोनसाठी टीव्हीचा स्पीकर बंद केला तर आईंना मालिका ऐकू येणार नाही, म्हणून दोन्ही आवाज एकदम चालू राहतात का तेही तपासावं. आणि खुर्चीपासून टीव्हीपर्यंतचं अंतर टेपने मोजून कळवावं. हेडफोनची वायर ३ मीटरची आहे, आणि आई चहाचा ट्रे घेऊन त्याच वाटेने जातात.

कळावे, लोभ असावा.
सूनबाई, चिरंजीव आणि नात