टायगरच्या पोटाची साक्ष

कुत्र्याच्या पोटाला बिघडण्यासाठी दिवसाचे आठही प्रहर मोकळे असताना ते रात्री एक ते तीनच्या दरम्यानच का बिघडते, या प्रश्नाचे उत्तर पशुवैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा घरातल्या जेवणाच्या वेळेत लवकर सापडते. जालना शहरातल्या चारचौघांसारख्या कुटुंबात रात्रीची जेवणे नऊच्या आगेमागे होतात. त्या वेळी पाळलेला कुत्रा ताटांच्या कडेने एक प्रदक्षिणा घालतो आणि प्रत्येक ताटावरून त्याच्या तोंडी जे पडते ते इतर ताटांना कळू न देता पडते, त्यामुळे घरातल्या पाच माणसांच्या हिशेबी त्याने 'एकच घास' खाल्लेला असतो, तर कुत्र्याच्या स्वतःच्या हिशेबी तो पाच ठिकाणी जेवलेला असतो. या दोन हिशेबांतली तफावत चार-पाच तासांनी त्याच्या जठरात उघडकीस येते, आणि 'टायगर' किंवा 'शेरू' असे रणशूर नाव धारण करणारा हा प्राणी पलंगाखाली जाऊन कण्हू लागतो.

शास्त्रदृष्ट्या येथे पहिला भेद वांती आणि उलटगळ यांतला करावा लागतो. वांती म्हणजे जठरातला ऐवज पोटाच्या स्नायूंनी जोर लावून बाहेर फेकणे, ज्यात बहुधा फेस किंवा पिवळे पित्त असते. उलटगळ म्हणजे अन्ननलिकेतूनच, फारसे श्रम न पडता, न पचलेला घास जसाच्या तसा परत येणे. वांतीपूर्वी कुत्रा येरझारा घालतो, ओठ चाटतो, लाळ गाळतो, आणि मग मान पुढे काढून, कोपरे बाहेर टाकून, बरगड्यांखालचे पोट लयीत आत ओढत 'ह्याक, ह्याक' असा आवाज करतो, जो ऐकून गाढ झोपेतले माणूसही "अरे, बाहेर काढा त्याला!" असे ओरडत उठते. हे ओरडणे आजवर कोणत्याही घरात वेळेवर झाल्याचे आढळत नाही. घरात पुसायला सोपी अशी शहाबादी फरशी चहूकडे पसरलेली असताना कुत्रा चार पावले चालून आजीची गोधडी का गाठतो, याचा उलगडा मात्र शास्त्राला करता आलेला नाही. पायाखाली पकड मिळावी म्हणून, असे एक अनुमान करता येते, पण ते आजीला सांगून उपयोग नसतो.

यानंतर ज्याला वैद्यकात पूर्ववृत्त म्हणतात, म्हणजे रोगाआधी काय काय घडले याची माहिती, ते गोळा करण्याचा टप्पा येतो, आणि सगळ्या प्रकरणाची मेख येथेच आहे. माणसाच्या दवाखान्यात रोगी स्वतः बोलतो. जनावरांच्या दवाखान्यात ज्याला सर्व ठाऊक असते तो बोलत नाही, आणि जे बोलू शकतात ते काही काळ खरे बोलत नाहीत. पहिली दहा मिनिटे घरातला प्रत्येक जण "बाहेरच काहीतरी खाल्लं असंल" या एकाच विधानावर ठाम असतो, आणि त्या विधानामुळे गल्लीतली कचराकुंडी, समोरच्या घरची मुले आणि नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यानंतरचा कारभार असे सगळे एकाच वेळी आरोपी ठरतात. मग मोबाइलच्या उजेडात, खराट्याच्या हिराने, गोधडीवरच्या पुराव्याचा पंचनामा होतो. त्यात पोळीचा तुकडा आढळल्यास नातू आजीकडे पाहतो, आजी "म्या तं एकच घास टाकला" असे सांगते, त्यापाठोपाठ बिस्किटाचा पुडा कबूल होतो, आणि सर्वांत शेवटी, घरात सर्वांना शिस्त लावणारे वडील, ज्यांनी कुत्र्याला ताटातले देऊ नये असा नियम स्वतः केलेला असतो, भिंतीकडे पाहत आमलेटाचा उल्लेख करतात. पुराव्याचे छायाचित्र काढून ठेवणे आणि थोडा नमुना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घेणे पशुवैद्याला खरोखर उपयोगी पडते. तो डबा फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण श्रीखंडाच्या डब्यावर घरातल्या इतर सदस्यांचाही परंपरागत हक्क असतो.

पूर्ववृत्ताचा अभ्यास करताना पंचांग जवळ असल्यास निदान बरेच सोपे होते. आखाडाच्या अखेरीस, म्हणजे जिला उभा महाराष्ट्र गटारी म्हणतो त्या अमावास्येच्या आसपास, कुत्र्यांच्या पोटात शिजलेली हाडे सापडतात; शिजवल्याने हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार चिरफळ्या उडतात आणि त्या आतड्याला इजा करतात. लगेच श्रावण लागतो, घरोघरी सत्यनारायण होतात आणि प्रसादाचा शिरा नाकारू नये हा नियम कुत्र्यालाही लावला जातो; त्या शिऱ्यातले बेदाणे, म्हणजे वाळवलेली द्राक्षे, काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, ही गोष्ट पूजा सांगणारे गुरुजी सांगत नाहीत आणि सांगणे त्यांच्या कक्षेत येतही नाही. पोळ्याला बैलांसाठी केलेले पुरण कुत्र्यापर्यंत पोचते. भाद्रपदात भाजलेल्या कणसाची बुरकुंडे आणि उन्हाळ्यात आमरसानंतरच्या कोया गिळल्या जातात, आणि या दोन वस्तू आतड्यात बुचासारख्या बसल्या की औषधाने सुटत नाहीत, शस्त्रक्रियाच करावी लागते. दिवाळीत चकल्या आणि फटाके एकत्र येतात, आणि फटाक्यांच्या भीतीने कुत्र्याला जुलाब होतात हे वैद्यकाला मान्य असले तरी भीतीचा दोष किती आणि चकलीचा किती हे वेगळे काढणे अवघड जाते. वर्षभर अधूनमधून होणाऱ्या हरिनाम सप्ताहांच्या काल्यानंतर उष्ट्या पत्रावळींचा जो ढीग पडतो, त्याला तर साखळी तोडून पळालेल्या टायगरचे तीर्थक्षेत्रच म्हटले पाहिजे.

कुत्र्याला माणसाचे अन्न मुळीच पचत नाही, असे म्हणणेही शास्त्राला धरून होणार नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय संशोधनात असे दिसून आले की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात, म्हणजे माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षे बसून कुत्र्याने भाकरी पचवण्याची पात्रता मिळवली आहे. तुपाची गोष्ट निराळी. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मराठवाड्यात प्रत्येक मुलाला ठाऊक असते, कारण नामदेवांची नरसी याच भागात आहे. भूतदयेचा त्याहून मोठा दाखला मिळणे कठीण, आणि त्या रात्री त्या कुत्र्याच्या पोटाचे पुढे काय झाले याविषयी संतचरित्रे मौन पाळतात. एकाएकी पोटात गेलेल्या स्निग्ध पदार्थाने स्वादुपिंडाला, म्हणजे पाचक रस आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या ग्रंथीला, सूज येऊ शकते आणि कुत्रा पाठ कमानीसारखी करून कळवळतो, एवढेच वैद्यक सांगते.

कबुलीजबाब संपताच उपचारांची लाट येते. ओवा, हिंग, सुंठ, लिंबू-साखर यांची नावे निघतात. कोणी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून दृष्ट काढते, ज्याने दृष्ट गेली की नाही ते कळत नाही, पण मिरच्यांच्या खकाण्याने रोग्यासह सर्वांना खोकला मात्र हमखास लागतो. जालन्यात आजाऱ्याला मोसंबीच्या रसावाचून सुटका नसते, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचा रस कुत्र्यापुढेही ठेवला जातो. सुदैवाने आंबट फळांचा वास कुत्र्याला आवडत नाही, तो तोंड फिरवतो, आणि त्या रात्री घरात घेतला गेलेला हा एकमेव योग्य वैद्यकीय निर्णय असतो. याहून घातक प्रकार म्हणजे माणसांच्या औषधांचा डबा उघडणे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, पॅरासिटामॉलनेही विषबाधा होऊ शकते, आणि उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजल्यास रक्तातले सोडियम वाढून मूळ दुखण्यापेक्षा उपायच जिवावर बेततो.

खरे तर या घटकेला पाहण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि बिनखर्चाच्या असतात. कुत्र्याचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबावे; जागा पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाल्यास रक्ताभिसरण ठीक आहे असे समजावे. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती तशीच उभी राहिली तर शरीरातले पाणी कमी झाले आहे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हे माहीत नसलेली घरे निरोगी कुत्र्याला तापाचा रोगी ठरवतात; हे तापमान गुदद्वारातून मोजायचे असते, आणि तो तापमापक नंतर घरातल्या औषधांच्या डब्यात परत जाऊ नये याची खबरदारी घेणे उचित. प्रौढ कुत्रा एक-दोनदा ओकून पुन्हा शेपूट हलवू लागला असेल, तर सकाळपर्यंत अन्न बंद आणि पाणी थोडे थोडे, एवढे बहुधा पुरते. मग मऊ भात आणि मीठ-मसाल्याविना उकडलेली कोंबडी देता येते.

काही लक्षणे मात्र सकाळची वाट पाहू देत नाहीत. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, तो वारंवार ओकारी काढतो पण बाहेर काही पडत नाही, अशी स्थिती दिसल्यास जठर स्वतःभोवती पिळले गेलेले असू शकते आणि तेथे प्रश्न काही तासांचाच उरतो. दीड-दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला उलट्यांबरोबर रक्तमिश्रित, घाण वासाचे जुलाब लागले तर पार्व्हो या विषाणूचा संशय घ्यावा लागतो. १९७८ साली हा रोग प्रथम ओळखला गेला आणि दोन वर्षांच्या आत जगभर पसरला. पिल्लाला उपाशीही ठेवता येत नाही, कारण त्याच्या रक्तातली साखर लवकर उतरते. खरिपात कपाशीवर फवारणी चालू असताना शेतातून आलेला कुत्रा सारखी लाळ गाळू लागला, त्याच्या बाहुल्या बारीक झाल्या आणि अंगाला झटके येऊ लागले, तर ती अपचनाची केस नसून कीटकनाशकाची असते. उंदरांच्या औषधातले झिंक फॉस्फाइड जठरातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार करते, त्यामुळे विषबाधेवर दूध पाजावे हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला येथे उलटा लागू पडतो, आणि अशा कुत्र्याने ओकलेले बंद खोलीत हुंगत बसणे माणसांनाही परवडत नाही.

जालना १९८१ साली स्वतंत्र जिल्हा झाला आणि आज त्याचे आठ तालुके आहेत, तरी रात्री दोन वाजता त्या आठही तालुक्यांत कुत्र्याचा डॉक्टर शोधणे म्हणजे ओळखीच्या माणसांची परीक्षाच असते. जनावरांचे दवाखाने मुख्यतः गाई, म्हशी, बैल आणि शेळ्यांसाठी उभे राहिले असून त्यांचा दिनक्रम दिवसाचा आहे, त्यामुळे झोपेतून उठवलेला ढोरांचा डॉक्टर "टायगर लई सिरियस आहे, साहेब" हे ऐकल्यावर प्रथम "किती लिटरची आहे?" असे विचारतो, यात त्याचा दोष काढता येत नाही. छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटरवर आहे. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय शंभराहून अधिक किलोमीटरवर. पशुपालकांसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे, जो चीनच्या युद्धाचे साल म्हणून वडीलधाऱ्यांच्या पक्का लक्षात राहतो. फिरत्या पथकाचे काम प्रामुख्याने दिवसा चालते, हे ध्यानात ठेवून तो लावावा.

फोन लागला की डॉक्टर वजन विचारतो, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि ज्या शहरात लोखंडी भंगाराचे आणि सळ्यांचे ट्रक रात्रंदिवस काट्यावर चढत असतात, मोंढ्यात सोयाबीनचे पोते किलोकिलोने मोजले जाते, त्याच शहरात घरच्या कुत्र्याचे वजन "असंल वीस-पंचवीस" यापलीकडे जात नाही. कुत्र्याला कडेवर घेऊन घरातल्या काट्यावर उभे राहावे आणि त्यातून माणसाचे वजन वजा करावे, ही रीत सोपी आहे. तिची अडचण एवढीच की त्या निमित्ताने माणसाचे खरे वजनही घरापुढे जाहीर होते, आणि आमलेटाच्या कबुलीनंतर वडिलांची दुसऱ्या कबुलीची तयारी नसते.

राहता राहिली सफाई. जालना शहरात नळ रोज येत नाही, काही दिवसांच्या खंडाने येतो, आणि कुत्र्याचे पोट हा खंड संपण्याच्या आदल्या रात्री, म्हणजे टाकीने तळ गाठलेला असताना, बिघडते, असा अनेक घरांचा अनुभव आहे. गोधडी भिजवायची की सकाळच्या आंघोळीसाठी पाणी राखायचे, हा वाद कुत्रा शांत झोपल्यावरही चालू राहतो. पार्व्होचा संशय असल्यास मात्र काटकसर करू नये. तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, नेहमीच्या फिनेलच्या भरवशावर राहता येत नाही, पातळ केलेल्या ब्लीचने फरशी धुवावी लागते.

घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्यावर दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि नळाचा दिवस लिहिलेला असतो. त्याच कागदावर कुत्र्याचे वजन, लशीची पुढची तारीख आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरचा क्रमांक लिहून ठेवावा. आणि ज्या दिवशी ताटातला एकच घास दिला असेल, त्या दिवसाच्या चौकटीत देणाऱ्याने आपले नाव मुकाट्याने घालावे.