गॉगल काढायला निघालेला कंपू

समुद्रात पडलेली वस्तू शोधायची असेल तर मित्रांना पाण्याबाहेर ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मालवणला जाणाऱ्या कंपूंना ते पटणार नाही, कारण त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पुण्याहून दोन गाड्या काढायच्या, फोंडा घाट उतरताना भज्यांसाठी थांबायचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला बोटीत सेल्फी घेताना एकाचा गॉगल पाण्यात घालवायचा आणि रात्री सुरमईच्या ताटावर ठराव करायचा की, 'उद्या स्कूबा आहेच, जाता जाता काढून आणू.' दुपारी फुटपाथवरचा असलेला तो गॉगल सोलकढी येईपर्यंत दुबईचा होतो.

पहिली अडचण पाण्याच्या वरच सुरू होते. कोकणातला तांडेल समुद्रातली जागा किनाऱ्यावरच्या खुणांवरून धरतो. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला बुरूज आणि माड जुळले, की दोन रेषा छेदतात तिथे त्याचा खडक. कंपूची साक्ष मात्र 'बोटीच्या डाव्या बाजूला, इंजिनाजवळ' अशी असते. बोट तेव्हाच पुढे गेलेली असते, हा मुद्दा कुणी काढत नाही. पाच जण पाच दिशांना हात करतात आणि तांडेल शांतपणे सांगतो, 'चष्मो गावाचो नाय.' या मोहिमेतलं सगळ्यात जाणकार विधान तेच. त्यानंतर नांगर टाकला जातो तो मालकाच्या मन:शांतीसाठी.

खाली तर पदार्थविज्ञानच कंपूच्या विरोधात उभं राहतं. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि जवळ दिसते, म्हणून प्रत्येक शिंपला गॉगल वाटतो. लाल रंग पाण्यात सगळ्यांत आधी विरतो. पाच-सहा मीटर खाली लाल फ्रेम तपकिरी होते आणि तपकिरी खडकांची तिथे काही कमी नसते. आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येतो, त्यामुळे सिलिंडरवर टकटक कुणी केली हे कानांना कळत नाही. सगळेच सगळीकडे बघतात. इन्स्ट्रक्टरने किनाऱ्यावर बजावलेलं असतं की वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'वर चल' असा आहे. तरीही शिंपला सापडला की हौशी मित्र अंगठा दाखवतो आणि शिस्तीचा जोडीदार निमूटपणे वर निघतो. उरलेल्यांचे फिन्स तळाला लागतात, रेती उठते आणि दिसत होतं तेही दिसेनासं होतं.

पण मित्रांचा खरा धोका हसण्यात आहे. हसलं की गालाला घड्या पडतात, मास्कची कड सुटते आणि नाकाशी पाणी येतं. ते काढायला नाकाने हवा सोडावी लागते, म्हणजे हवा खर्च. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने साधारण २४०० लिटर हवा मावते. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. त्यात समोर मित्र खेकड्याला घाबरून मागे सरकत असेल, तर हसू आवरणाऱ्याला माझा नमस्कार.

यावर कुणी म्हणेल, जास्त डोळे असले तर लवकर सापडणार नाही का? जमिनीवर सापडेल. पाण्याखाली शोधाची साधी रीत अशी की एकाने मध्यभागी दोरी धरायची, दुसऱ्याने ती ताणून वर्तुळात पोहायचं, फेरी संपली की दोरी थोडी वाढवायची. यात तिसऱ्याला कामच नाही आणि रिकामा मित्र दोरीत अडकतो. मग समुद्रातून वस्तू मिळालेल्याच नाहीत का? मिळाल्यात. लेखक-वैमानिक सँतेक्झुपेरी १९४४ मध्ये भूमध्य समुद्रावर बेपत्ता झाला. त्याचं ब्रेसलेट १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात आलं. तो मासे धरायला गेला होता. पुढे विमानाचे अवशेष ओळखले तेही तिथलं पाणी जाणणाऱ्या पाणबुड्याने, सहलीच्या कंपूने नव्हे.

एक आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा: एकट्याने बुडी मारणं धोक्याचं आहे, जोडीदार लागतोच. तो एक असावा, प्रशिक्षित असावा आणि शक्यतो विनोदी नसावा. ज्यांनी कोर्स केलेला नाही त्यांना इन्स्ट्रक्टर पाठीमागून धरून नेतो; त्यांनी तो दाखवेल ते मासे बघावेत. शिवाय मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दीडशे रुपयांच्या गॉगलसाठी तिथले प्रवाळ तुडवायचा आणि दगड उलथायचा हक्क कुणालाच नाही.

पावसाळ्यात स्कूबा बंद असतं, तेव्हा मोहीम काढायचीच असेल तर त्याआधी काढा. दोघांनी उतरा, बाकीच्यांना बोटीवर शहाळी सांभाळायला ठेवा, आणि गॉगलला दोरी मात्र पुण्यातच बांधा.