वजा एक गृहस्थ

आमच्या मावसभावाला बँकेनं गृहकर्ज नाकारलं, कारण त्यानं आयुष्यात कुणाचंही कर्ज बुडवलेलं नाही. बुडवायला आधी काढावं लागतं, आणि यानं काढलंच नाही. क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० असतो म्हणतात. भावाच्या अहवालात आकडा होता : वजा एक.

शून्य असतं तरी चाललं असतं हो! वजा एक म्हणजे हा गृहस्थ अजून जन्मालाच यायचाय आणि तरी एक देणं लागतो. भोसरीच्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळतो, पगार याच बँकेत जमा होतो, मुदत ठेवही इथंच. म्हणजे हिशेबानं बँकच त्याचं देणं लागते. तिचा स्कोअर मात्र कुणी विचारायचा नाही.

‘को-अप्लिकंट आणा,’ साहेब म्हणाले. त्यानं वहिनींना नेलं. वहिनी डबे करतात, वाण्याकडे चार आण्याची उधारी ठेवत नाहीत. त्यांचाही स्कोअर वजा एक. शाळेत वजा गुणिले वजा अधिक व्हायचं. बँकेत बेरीज करतात.

पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नका, अशी सूचना बँकांना २०२५ साली मिळालेली आहे. सूचना कागदावर आहे. काउंटरपर्यंत यायला तिलाही जामीनदार मिळत नसावा.

अर्ज नामंजूर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन. ‘सर, लोन रिजेक्ट झालंय ना? आपण करून देऊ.’ याला कुणी सांगितलं, हे विचारायचं नसतं. वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट अहवाल एजंटानं पाचशे रुपयांना हातात ठेवला आणि निदान केलं : तुम्हाला कर्जाची सवय नाही, ती लावून घ्या. ठेव तारण ठेवून क्रेडिट कार्ड काढा. म्हणजे स्वतःचेच पैसे बँकेकडे अडकवून तिच्याकडून उधार घ्या. मग हप्त्यावर फ्रीज. घरात फ्रीज आहे? मग दुसरा. मग टीव्ही, मग मोबाइल. रोख देतो म्हणालात तर दुकानदार सवलत देईल, पण स्कोअर येणार नाही. भावानं आयुष्यात प्रथमच खिशात पैसे असून उधारी केली. आता दुसऱ्या फ्रीजमध्ये लोनची फाइल ठेवलीय, पावसाळ्यात कागद दमट होत नाहीत.

विनोद राहू द्या. बावीस वर्षं हा माणूस भाडं भरतोय. अकरा महिन्यांचा करार, दर करारात वाढ, आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे मालकाच्या हातात. आजारपणात भरलं, कारखान्यात ले-ऑफ होता तेव्हा वहिनींच्या डब्यांवर भरलं, टाळेबंदीत कांदे विकून भरलं. त्याचा एक गुण स्कोअरात नाही. चाळीतली भिशी तो चालवतो; पोरीच्या लग्नाचे पैसे बायका डोळे मिटून त्याच्याकडे देतात. त्याचाही नाही. फ्लॅटच्या जमिनीचा मात्र वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हवा! मुरमाड माळाला तीस वर्षांचा इतिहास आहे, तिथं ढेकळं कुणाच्या नावावर होती ते फी घेऊन पाहतात, आणि बावीस वर्षं वेळेवर पैसे मोजणाऱ्या माणसाला म्हणतात तुम्हाला इतिहास नाही. वर प्रोसेसिंग फी, त्यावर अठरा टक्के जीएसटी, आणि कर्ज नाकारलं तरी फी परत नाही. नकाराला कसली प्रोसेस लागते? ‘नाही’ म्हणायला आमची आत्या एक पैसा घेत नसे, आणि नकारासोबत चहाही द्यायची.

असो. हप्ते चालू झाले, महिने गेले, स्कोअर उगवला. ७४८! एजंटानं पेढे मागितले. भाऊ नव्या शर्टात बँकेत गेला. साहेबांनी स्क्रीनकडे पाहून मान डोलावली. स्कोअर उत्तम. पण पगारातून फ्रीज, टीव्ही आणि मोबाइलचे इतके हप्ते जातात, की गृहकर्जाचा हप्ता बसत नाही. मोशीतला फ्लॅटही एव्हाना चार लाखांनी चढलाय.

एजंट मात्र खचलेला नाही. तो म्हणतो, आता स्कोअर चांगला आहे, पर्सनल लोन एका दिवसात होईल. त्यातून हप्ते मिटवून टाका. फॉर्म त्यानं सोबतच आणलाय.