पहिल्या लेनला आडोसा, सहावीला वारा

रिओ ऑलिंपिक, ऑगस्ट 2016. रोइंगच्या पहिल्याच दिवशी वाऱ्याने सर्बियाची होडी उलटवली. दुसऱ्या दिवशीच्या शर्यती तर रद्दच झाल्या. त्याच पाण्यात चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ एकट्याने वल्ही मारत होता. तो तेरावा आला.

होडी उलटवणारा वारा निदान उघड शत्रू. खरा त्रास पक्षपाती वाऱ्याचा. शर्यत 2,000 मीटरची, सहा लेन, प्रत्येक साडेतेरा मीटर रुंद. वारा पहिल्या लेनच्या बाजूने आला की काठाजवळची ती लेन आडोशाला आणि सहावी लाटांत.

अशा वेळी कोणीतरी सुचवतंच, झाडं लावा! (झाडांना विरोध करून आपल्याकडे कोणी निवडून येत नाही.) केळीबागेला शेवरीचं कुंपण घालणाऱ्या शेतकऱ्याला एवढंच हवं असतं की बाग आडवी होऊ नये. कडेची केळ जास्त सुखात म्हणून मधली तक्रार करत नाही. खेळाडू करतो. काठाला खेटून झाडं लावली, की पहिल्या लेनची आणखी चैन.

बरं, भिंतीसारखी दाट रांग लावावी, तर वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरे घालत कोसळतो. त्यापेक्षा निम्मा वारा गाळून सोडणारी विरळ रांग बरी. तिचा आडोसा झाडाच्या उंचीच्या 10 ते 20 पट अंतरापर्यंत पोचतो. सहाही लेन मिळून 81 मीटर; म्हणजे 10 मीटर उंचीची झाडं पुरतील. मात्र पाण्यापासून मागे सरकवून, दोन्ही काठांना, सलग. मधे कॅमेऱ्याच्या गाडीसाठी फट ठेवली, की वारा नेमका तिथूनच मुसंडी मारणार. शिवाय अंतिम रेषेजवळ पाहुण्यांची गॅलरी असतेच. ऐन मोक्याच्या क्षणी ती जवळच्या लेनला फुकट आडोसा देते. तिची उंची कमी करा म्हणायची हिंमत कुठल्या वास्तुरचनाकारात आहे?

तोवर रोइंगच्या नियमाने मार्ग काढलाय: वारा असमान असेल, तर आधीच्या फेरीत पुढे आलेल्यांना चांगल्या लेन देता येतात. पुढच्यालाच आडोसा! ही पद्धत आपल्याला शिकवायला ऑलिंपिक कशाला हवं?

नवं तळं खणायला निघालेल्या आयोजकांनो, फीत कापायच्या आधी रोपं लावा. झाड उंच व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि तुमची मुदत मोजकीच असते.