तुमसरातली फायरप्लेस

मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठणाऱ्या तुमसरात माणसाने बैठकीत मुद्दाम आग का ठेवावी, हे मी साडूभाऊंना विचारलं नाही. नवं घर बांधणाऱ्याला असले प्रश्न विचारले की तो वास्तुशांतीला बोलवत नाही. शिमल्याच्या हॉटेलात त्यांनी फायरप्लेस पाहिली होती, आणि ‘हिवाळ्यात आपल्याकडेही पारा दहाच्या खाली जातो’ हा त्यांचा एकमेव शास्त्रीय मुद्दा होता. धुराड्याचा प्रश्न मिस्त्रीने अर्ध्या चहात सोडवला. वाद पेटला तो आगीभोवती काय लावायचं यावर.

साडूभाऊंचा जीव संगमरवरात. पण संगमरवराचे कण तापले की एका दिशेने फुगतात, दुसरीकडे आक्रसतात. आपसातली पकड सुटते आणि दगड साखरेसारखा भुरभुरतो. आठशे अंशांपुढे तर त्याचा सरळ चुनाच होतो.

“एवढ्या महागाचा चुना?” साडूभाऊ हादरले. दुकानदाराने तो कधीच लावला होता, हे मी बोललो नाही.

मग ग्रॅनाइट. त्यात गारगोटी असते आणि ५७३ अंशांना ती घडण बदलून एकदम फुगते. थेट आच लागली की हा मानी दगड तडकतो. हातभर लांब मात्र ऐटीत राहतो. बावनथडीचे गोटे फुकटात मिळाले असते, पण पोटात पाणी राहिलेला गोटा तापला की वाफेने फुटतो, आणि पाहुण्यांवर दगडफेक करायला निवडणुका पुरेशा आहेत. इंटिरिअरवाल्या पोराने विटांचं चित्र असलेलं पीव्हीसी पॅनेल सुचवलं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

खरं तर हा तालुका भट्ट्यांना खाऊ घालणारा. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतलं मँगनीज पोलादाच्या कामी येतं. अशा भट्टीवर उमेदवारी केलेला मिस्त्री म्हणाला, “साहेब, भट्टीची वीट घ्या. पण सिमेंटात नोका बसवू.” सिमेंट पाण्याशी गट्टी करूनच घट्ट होतं, चारशे-पाचशे अंशांना ते पाणी सोडून जातं आणि सांधे कुजतात. म्हणून फायरक्लेचा पातळ लेप, आणि विटांना फुगायला मागे बोटभर मोकळी जागा.

तेवढ्यात साडूभाऊंच्या आई, म्हणजे आमच्या बाई, बाहेर आल्या. “कायले पैसे उधळतं रे बापू? वारुळाची माती आन् धानाचा भुसा कालव.”

साडूभाऊ हसले. मला हसू आलं नाही. मातीतला भुसा जळला की बारीक छिद्रं उरतात, त्यांत कोंडलेली हवा उष्णता अडवते. भट्टीच्या हलक्या विटा याच युक्तीने करतात. भुशाच्या राखेत तर नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका. पोलादाच्या कारखान्यात वितळल्या रसाची धग टिकावी म्हणून तीच राख वर पसरतात. तुमसरच्या राइस मिलींमागे ती ढिगाने पडते. तिचा एकच दोष, शोरूममध्ये मिळत नाही.

शेवटी आत भट्टीच्या विटा, मागच्या फटीत साडूभाऊंच्या नकळत मिस्त्रीने भरलेली राख, आणि ग्रॅनाइट लांबून शोभेला.

वास्तुशांतीच्या संध्याकाळी साडूभाऊंनी सगळ्यांना सोफ्यावर बसवून लाकडं पेटवली. बाईंनी क्षणभर जाळ निरखला, ओच्यातून दोन भरताची वांगी काढली आणि निखाऱ्यात सारली.

“सोफा मांगं घ्या रे,” त्या म्हणाल्या, “मले पाट टाकाले जागा नाई.”