दोन अर्धी मिळून फुकट?

महाराष्ट्राच्या एसटीत ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशाला अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून बाईमाणसालाही अर्धं तिकीट. मग ६६ वर्षांच्या आजीबाईंनी किती द्यायचं? अर्धं आणि अर्धं मिळून फुकट, की अर्ध्याचं अर्धं म्हणून पाव? कंडक्टर निमूट अर्धं तिकीट काढतो, आणि बरोबरच करतो. याच आजींनी मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला रावेरची एसटी धरली, तर त्यांना राज्याची हद्द येईपर्यंत पूर्ण भाडं आहेच; वय आणि बाईपण दोन्ही हद्दीपलीकडेच लागू होतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं रंगवण्याचा खेळ खेळणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. रात्र रात्र ती याच प्रश्नावर भांडत असतात.

त्यांचं भांडण असं. २०१४च्या नियमांत चिलखत न घालणाऱ्या 'बार्बेरियन' वर्गातल्या पात्राचा बचाव म्हणजे १० अधिक चपळाई अधिक काटकपणा. मंकचा म्हणजे १० अधिक चपळाई अधिक शहाणपण. एकाच पात्रानं दोन्ही विद्या घेतल्या, की खेळाडू काटकपणावर शहाणपणही चढवू पाहतो. (इतकं शहाणपण असलेला माणूस चिलखतच का घालत नाही, हे कुणी विचारत नाही.) नियमपुस्तक याला नाही म्हणतं. का नाही, याचं उत्तर मात्र मला वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे जास्त नेटकं सापडतं. यज्ञातल्या पुरोडाशाला, म्हणजे आहुतीच्या रोटीला, तांदूळही सांगितला आहे आणि जवही. दोन्हींचं काम एकच, म्हणून विकल्प: एक घ्या. कामं वेगळी असती तर समुच्चय: दोन्ही घ्या. भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या शेवटच्या खंडात मीमांसेची दखल घेतली, तेव्हा वीस बाजूंचा फासा त्यांच्या डोळ्यांपुढे नसणार. पण कसोटी तिथेही चालते. बार्बेरियन आणि मंक दोघेही बचावाचा पायाच सांगतात, म्हणून विकल्प. ढाल पाया सांगत नाही, त्यावर २ वाढवते, म्हणून समुच्चय.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: 'चालणार नाही असं प्रत्येक ठिकाणी कुठं लिहिलंय?' पण पुस्तक गप्प बसलं म्हणजे परवानगी मिळाली असं धरलं, तर आजींना एसटीनं फुकटच न्यायला हवं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: खेळ मजेसाठी आहे, कोर्टासाठी नाही, शेवटी खेळ चालवणारा डन्जन मास्टर म्हणेल तेच खरं. कबूल. पण मास्टरनंही कारण सांगावं, नाहीतर पुढच्या शनिवारी तोच वाद नव्या पात्राचं नाव घेऊन परत येतो. शिवाय एका गटाची मजा म्हणजे बहुधा एका खेळाडूची मजा. बाकीचे तिघे त्याची बेरीज होईपर्यंत चिवडा संपवतात. आणि एवढं होऊनही ज्याला बचाव वाढवायचाच आहे, त्यानं बार्बेरियनचा हिशोब धरून सरळ ढाल उचलावी. मंकला तीही चालत नाही.