भाजीवाला मारिओ

लता, सचिन आणि पहिला मारिओ यांच्याबद्दल चारचौघांत शंका काढायची नसते. विशेषतः आमच्या वयाच्या मंडळींत, ज्यांचे गुडघे कुरकुरायला लागलेत पण अंगठे अजून शाबूत आहेत. कॅसेटमध्ये फुंकर मारून, टीव्हीचा चॅनेल जुळवून, बातम्या लागायच्या आत आठव्या किल्ल्यापर्यंत पोचायची धडपड केलेली ही माणसं. त्यांच्यासमोर मी परवा बोलून गेलो की मला १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आवडतो, पण त्याच्यापेक्षा १९८८ साली अमेरिकेत निघालेला दुसरा भाग जास्त आवडतो.

"तो? ज्यात मारिओ मुळे उपटतो?"

तोच.

"अरे, तो मारिओ नव्हेच!"

यावर वाद नाही. जपानमध्ये खरा दुसरा भाग १९८६ सालीच निघाला होता. पण तो इतका छळवादी होता की निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या लोकांनी तो आपल्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायला नकार दिला. मग हाताशी असलेला दुसराच खेळ काढला : 'युमे कोजो : डोकी डोकी पॅनिक'. केनसुके तानाबे यांनी दिग्दर्शित केलेला हा खेळ १९८७ सालचा, फुजी टीव्हीच्या एका महोत्सवासाठी बनवलेला. त्यात अरबी पोशाखातलं चौघांचं कुटुंब होतं. त्या चौघांना काढून त्यांच्या जागी मारिओ, लुइजी, टोड आणि राजकन्या बसवली. नावं बदलली, गुण मात्र पूर्वाश्रमीचेच राहिले. म्हणून लुइजी उंच उडी मारतो, कारण ती उडी त्या घरातल्या आईची. आणि टीचभर टोड सगळ्यांत झपाझप भाजी उपटतो, कारण त्याच्या अंगात तिथल्या बाबांची ताकद आहे. थोडक्यात काय, अख्खं पोर दत्तक घेतलेलं. पण दत्तक आलेल्यानेच घराण्याचं नाव काढावं, तसं झालं : तोंडावर मुखवटा घातलेले शाय गाय आणि चालते बॉम्ब त्याच खेळातून आले, आणि आज ते मारिओच्या घरचेच झालेत.

आता खेळण्याबद्दल. पहिल्या मारिओत डोक्यावर घड्याळ. चारशेपासून आकडे उतरायला लागतात, आणि तेही खऱ्या सेकंदांपेक्षा भरभर. शिवाय पडदा एकदा पुढे सरकला की मागे येत नाही. एखादं नाणं राहिलं तर राहिलंच. शाळा, क्लास, परीक्षा यांतून सुटून खेळायला बसावं, तर इथेही पेपर सुरूच!

दुसऱ्यात घड्याळ नाही. गुणसुद्धा नाहीत. हवं तेवढं रेंगाळा, मागे जा, वर चढा, मडक्यात शिरा. शत्रूच्या डोक्यावर पाय दिला तर तो चिरडत नाही. तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहता आणि तो बापडा तुम्हाला घेऊन चालत राहतो. वाटलं तर त्याला उचला आणि त्याच्याच भावावर फेका. गवताचा झुपका ओढला की कधी सलगम निघतं, कधी औषधाची बाटली. बाटली आपटली की तिथे दार उगवतं, आणि दारापलीकडे तीच जागा, पण अंधारी आणि उलटी. तिथे उपटलेल्या भाजीची नाणी होतात! (आमच्याकडच्या शेतकऱ्याला अशी बाटली अजून मिळालेली नाही.)

आणि तो किल्लीवाला मुखवटा! कुलूपबंद दारासाठी किल्ली उचलायला जावं, तर भोवती मुखवटे शांत लटकलेले. किल्ली हातात आली की त्यातला एक थरथरतो, जागा होतो आणि पाठीशी लागतो. भिंती, पायऱ्या, काही त्याला अडवत नाही. किल्ली टाकली की परत जातो. उचलली की पुन्हा हजर. भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला किल्ली आणि कटकट यांचं नातं वेगळं समजावून सांगायला नको.

पहिल्या खेळातली राजकन्या आठव्या किल्ल्यात बसून असते. त्याआधीच्या सात किल्ल्यांत सात टोड, आणि साती जण हेच सांगतात की ती इथे नाही. दुसऱ्यात ती स्वतः कमरेला पदर खोचून उतरते, आणि उडी मारली की दीडेक सेकंद हवेत तरंगते. मी तिलाच घेतो. मारिओ सर्व विषयांत पास आणि एकातही पहिला नाही.

शेवटचा खलनायक वॉर्ट. हा अगडबंब बेडूक, आणि याला भाजी सोसत नाही. त्याने तोंड उघडलं की आत भाजी फेकायची, बस. आईने एकदा हे मागे उभं राहून पाहिलं. म्हणाली, "त्याला बरी कोंबतोस. स्वतः दोडका बघितला की ताटावरून उठतोस."

मित्राने शेवटचं अस्त्र काढलं. "पण शेवटी सगळं स्वप्न निघतं! मारिओ झोपलेला असतो!"

म्हटलं, "प्लंबर माणूस अळंबी खाऊन दुप्पट होतो, कासवांना लाथा घालतो, हे तुला जागेपणी पटलं का?"

त्याला मग तो जपानी, अस्सल, वंशशुद्ध दुसरा भाग लावून दिला. पहिल्याच पातळीत त्याने अळंबी खाल्ली. ती विषारी होती. रात्रभर झुंजून तिसऱ्या जगात पोचला, तिथे गुप्त वाट सापडली म्हणून आनंदाने ओरडला आणि शिरला. ती वाट त्याला पहिल्या जगात घेऊन आली.

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग विचारलं, "ती तुझी राजकन्या तरंगते, ते कुठलं बटण दाबून?"